कात्री लावण्याआधी

गोधडी शिवायला कापड घेऊन आलेल्या माणसाची पिशवी उघडायच्या आधीच मला थोडंफार कळलेलं असतं. कपडे गाठोड्यात कोंबून आणले असतील तर ते नुसते जुने आहेत. पोरांचे आखूड झालेले, रंग उडालेले, माळ्यावरून ओढून काढलेले. पण धुऊन, इस्त्री करून, घडीवर घडी बसवून आणले असतील, तर ते ज्याचे होते ते माणूस आता नाही. कापायच्या कापडाला इस्त्री कशाला करायची? तरी सगळे करतात. अशा पिशवीला मी लगेच हात घालत नाही. आधी चहा टाकते.

पर्वती पायथ्याला दोन खोल्यांत राहून मी हे काम करते त्याला तीस वर्षं होत आली. सुई हातात असली की डोकं मोकळं असतं आणि मोकळ्या डोक्यात काहीबाही येतं. त्यातला एक प्रश्न मात्र काही केल्या जात नाही. गेलेल्या माणसाच्या लुगड्याला कात्री लावायचा हक्क नक्की कुणाचा? ज्याचं होतं ते तर विचारायला उरलेलं नाही. पोरीचा म्हणावा, सुनेचा म्हणावा, की मजुरी घेऊन शिवणाऱ्या माझ्यासारखीचा?

आमच्या पुरंदरच्या गावात हा प्रश्न कुणाला पडल्याचं मी पाहिलं नाही. तिकडं गोधडीला वाकळ म्हणायचे. लुगडं दांडावर फाटलं की दोन टोकं जोडून पुन्हा नेसायचं. तेही विरलं की चांगल्या भागाचं परकर-पोलकं, मऊ भागाची बाळाची दुपटी, उरलेलं वाकळेत. वाकळ सात-आठ वर्षांनी चाळण झाली की ती फेकायची नाही. तिच्यावर खालून-वरून नवं कापड चढवायचं आणि पुन्हा टाके घालायचे. अगदीच गेलेल्या कापडाचं पोतेरं. पोतेऱ्यानं शेवटी चूल सारवायची, आणि सारवता सारवता ते शेणामातीतच संपायचं. बोहारीण आमच्या घरी कधी भांडं देऊन गेली नाही, कारण तिला द्यावं असं कापड घरात शिल्लकच नसायचं.

आजी गेली तेव्हा तिची दोन इरकली लुगडी मागं राहिली. एक आईनं शेजारच्या म्हातारीला दिलं. दुसरं तेराव्यानंतर आठ दिवसांत अंगणात अंथरलं आणि वाकळेला घातलं. मी दहा वर्षांची असेन. मला ते पाहवेना. म्हटलं, "आजीचं लुगडं फाडलंस?" आई दातानं दोरा तोडत म्हणाली, "आगं, फाडलं कुठं? आता समद्यांच्या अंगावं येतंय न्हवं?"

हे सांगितलं की शहरातली माणसं म्हणतात, किती शहाणी होती हो तुमची आई. होती, पण या गोष्टीत तिच्या शहाणपणाचा भाग थोडा आणि गरजेचा जास्त. ज्या घरात बाईला दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक वलणीवर, तिथं तिसरं आठवण म्हणून पेटीत ठेवायचा विचारच येत नाही. आठवण जपायलाही घरात कपाट लागतं. म्हणून गावातली माणसं वस्तूत जीव अडकवत नव्हती, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या वाकळेवर निजताना आम्ही भावंडं आजीचा काठ कुणाच्या बाजूला येतो यावरून भांडायचो.

पुण्यात कपाटं आहेत, म्हणून भांडणाची तऱ्हा वेगळी. काही वर्षांपूर्वी पेठेतल्या एका जुन्या वाड्यातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आईच्या नऊ सुती नऊवारी घेऊन आल्या होत्या, सगळ्या कडक इस्त्रीच्या. त्यांना पाच फूट बाय चार फुटाची गोधडी हवी होती. माप कागदावर लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "हे पांघरायचं माप नाही, पाय बाहेर राहतील." त्या म्हणाल्या, "पांघरायची नाही, ताई. हॉलच्या भिंतीवर लावायचीय. काचेच्या फ्रेममध्ये."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन. आवाज चिरका झालेला. "कापल्या का? प्लीज कापू नका. त्या आईच्या आहेत."

मी पिशवी कपाटावर ठेवून दिली. ती तिथं चार महिने राहिली.

खरं तर कापायच्या आधी मी प्रत्येक लुगडं उजेडात धरून पाहते, कुठं विरलंय, कुठं जोर आहे ते बघायला लागतं. त्या नऊंपैकी चार-पाच मी तशी पाहिली होती. पदराचं एक टोक गाठ मारमारून कायमचं चुरगळलेलं होतं, तिथं किल्ली नाहीतर सुटे पैसे बांधत असणार. एकावर हळदीचा हात पुसल्याचा डाग, इस्त्रीनं आणखी पक्का झालेला. घोट्याशी येणारा काठ सगळ्यांत घासलेला, एकाच पायाच्या बाजूला जास्त, म्हणजे बाई शेवटी पाय ओढत चालत असाव्यात. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या पोरींना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे.

आता धाकटीचं म्हणणं: कापू नका, जपून ठेवा. पण जपून म्हणजे कुठं? कपाटात घडी घालून ठेवलेलं सुती कापड घडीवर पिवळं पडतं. रेशीम तर घडीवरच चिरतं. डांबराच्या गोळ्या घाला नाहीतर कडुनिंबाचा पाला घाला, कसर लागायची ती लागतेच. मग एक दिवस पुढची पिढी कपाट आवरते, आणि जुनी जर विकत घेणारा दारात येतो, किंवा बोहारीण येते, आणि ते लुगडं जुन्या बाजारात जमिनीवर पडतं. अशी लुगडी मी तिथून विकत आणलेली आहेत. तेव्हा न कापलेलं कापड टिकतं, या समजुतीत फारसा अर्थ नाही.

थोरलीचं म्हणणं: कापा, पण काचेत ठेवा. बाजीराव रस्त्याजवळ केळकर संग्रहालय आहे, तिथं मी गावाकडचं कुणी आलं की घेऊन जाते. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारापासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, वस्त्रं अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. तिथले दिवे पाहताना मला दर वेळी वाटतं, आता यात तेल कोणी घालणार नाही. तरी ते काचेत आहेत ते बरंच आहे, कारण तो दिवा आता कुणा एकाच्या घरचा राहिला नाही. माझी नात बघते, जर्मनीहून आलेला माणूस बघतो. पण आपल्याच घरातल्या हॉलमध्ये, आपल्याच आईचं लुगडं काचेआड लावायचं, ते कुणी बघायचं? पाहुण्यांनी?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कापलं तर मला मजुरी मिळते. न कापता परत दिलं तर चहा-साखरही माझीच. तेव्हा माझं मत तटस्थ आहे असं कुणी धरू नये. पंधरा-वीस दिवस मान मोडून हातानं टाके घातलेल्या गोधडीला 'एवढे पैसे?' म्हणणारी माणसं मॉलमधल्या ब्लँकेटला ते विचारत नाहीत, हेही मनात असतंच.

चार महिन्यांत बहिणींचे फोन चालू होते. मग थोरलीचा एक फोन असा आला की माझी सुई थांबली. त्या म्हणाल्या, "अहो, आईच्या अशा एकूण दहा होत्या. दहावी तिनं आमच्या मावशींना दिली, सांभाळायला होत्या ना त्या, सहा वर्षं. तिच्यावरचा काठ फार सुंदर आहे. ती परत मागून आणते. पैसे देऊ की त्यांना."

मी विचारलं, त्या मावशी त्या लुगड्याचं काय करतात? त्यांना माहीत नव्हतं. मी धाकटीला विचारलं. तिला माहीत होतं. मावशींनी त्याची दुपटी केली होती, नातवाला.

मला तिथं पहिल्यांदा नीट दिसलं की आपण हक्काचा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरतोय. रक्ताचं कोण, वारस कोण, शेवटी जवळ कोण होतं, याची उत्तरं कोर्टात लागतात, कापडावर लागत नाहीत. जे घराच्या हिशेबात कुठंच नव्हतं, त्या बाईकडचं लुगडं सगळ्यांत आधी कापलं गेलं होतं, तेही कुणाला न विचारता. आणि त्या दहांमध्ये तेच एक कापड होतं जे त्या दिवशी कुणाच्या तरी अंगाखाली होतं. मी थोरलीला म्हटलं, "ते मागू नका. ते त्याच्या जागी पोचलंय."

त्यांना ते आवडलं नाही. बराच वेळ बोलल्या नाहीत.

विनयपिटकात एक कथा आहे. भगवान बुद्धांनी मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेतं आनंदाला दाखवली आणि भिक्षूंची चीवरं तशी तुकडे जोडून शिवता येतील का, असं विचारलं. आनंदानं शिवून दाखवली. चीवर कापून शिवायचं त्याचं एक कारण असंही दिलंय की कापलेल्या कपड्याचा कुणाला मोह पडत नाही. आपल्याकडं चिंध्या पांघरून गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत. त्यांच्या अंगावरचं कोण चोरणार? अखंड लुगड्याला किंमत असते, म्हणून त्याची वाटणी होते, मोजणी होते, दहावं कुठंय याची चौकशी होते. तुकडे केले की बाजार मागं फिरतो. मग त्याच्याजवळ तोच राहतो ज्याला थंडी वाजते.

पण याचा अर्थ कात्री नेहमीच बरोबर असंही मी म्हणणार नाही. शेवटी दोघी एकदम माझ्याकडं आल्या तेव्हा मी एकच विचारलं, "ही अंगावर कोण घेणार?" थोरली गप्प. धाकटी खाली मान घालून म्हणाली, "मी यातली एक आधीच काढून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी घरात नेसते. मला नीट नेसता येत नाही, पण नेसते. हसू नका." म्हणजे थोरलीनं दहा मोजल्या होत्या त्या खरं तर अकरा होत्या! थोरलीनं तिच्याकडं असं पाहिलं, की मी उठून आत गेले आणि मांजराला दूध घातलं.

धाकटी कापू नका म्हणत होती ती नेसून नेसून ते लुगडं झिजवत होती. तिला न कापण्याचा हक्क होता. मावशींनी कापलं होतं, त्यांना कापण्याचा होता. भिंतीसाठी मात्र मला कुणाचा हक्क सापडेना. मी थोरलीला सरळ सांगितलं, "भिंतीवर लावायची असेल तर शिवून देते, मजुरी तेवढीच. पण त्याला आईची लुगडी कशाला? लक्ष्मी रोडवरून कुठलंही इरकल आणा, भिंतीला फरक कळत नाही." त्या पिशवी न घेताच निघून गेल्या.

माझ्याकडं स्वतःची एक गोधडी आहे. आईनं मला लग्नात दिलेली. तिच्या आत आजीच्या लुगड्याची ती वाकळ आहे, वर आईनं नवं चढवलेलं. ते मी दोनदा चढवलंय, शेवटच्या वेळी लेकीच्या शाळेच्या निळ्या गणवेशाचे तुकडे लावून. आजीचं इरकल आता कुणालाच दिसत नाही. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवताना शेवटचा तुकडा लावायच्या आधी आत तांदळाचे चार दाणे ठेवतात, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. माझ्या गोधडीच्या पोटात आजी आहे का? की तीस-चाळीस वर्षांच्या धुण्यात तिचा धागा धागा कालव्याच्या पाण्याबरोबर केव्हाच गेला? उसवून बघता येईल. नवरात्राच्या आधी धुवायला काढते तेव्हा दर वर्षी मनात येतं, आणि मी उसवत नाही. ओली झाली की ती एकटीला उचलत नाही एवढं मात्र खरं, म्हणजे आत काहीतरी आहे.

थोरल्या बाई दोन महिन्यांनी परत आल्या. कागदावर नवं माप होतं, एका माणसाच्या पांघरुणाचं. चार लुगडी कापायला सांगितली, पाच बहिणीला दिली. मी चौथ्या दिवशी कात्री लावली. हळदीचा डाग उशाकडच्या बाजूला घेतला. चुरगळलेलं पदराचं टोक सपाट होईना, ते तसंच कोपऱ्याला बसवलं. वीस दिवस लागले. नेताना त्यांनी मजुरी मोजून दिली, गोधडी हातावर तोलली, आणि फार काही न बोलता गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. म्हटलं, आता काय राहिलं? त्या म्हणाल्या, "अहो ताई, ती घाण झालीय. धुवायची कशी?"

मी सांगितलं. मशीनमध्ये घालायची नाही. रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पायानं तुडवायची, पिळायची अजिबात नाही. दोन दोऱ्यांवर आडवी टाकायची, म्हणजे मध्ये झोळ पडत नाही. दुपारी एकदा उलटी करायची. पहिलं पाणी पिवळं येईल, घाबरायचं नाही.