वेगळं होणं आणि तुटणं

एकत्र राहावं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. घर फुटू नये, मंडळ फुटू नये. भागवतातल्या अवधूतानं कुमारीच्या कांकणांवरून धडा घेतला, की दोन असली की आवाज होतोच. पण तो धडा एकांतातल्या साधकाचा. संसार आणि संस्था एका कांकणानं चालत नाहीत. मग प्रश्न असा, की जिथं राहिल्यानं मनाशी खोटं वागावं लागतं, तिथून निघावं का? आणि निघालंच, तर मागच्यांशी नातं कसं ठेवावं?

स्कॉटलंडातली एक हकिगत इथं विचार करण्याजोगी आहे. तिथल्या चर्चमध्ये गावाचा धर्मोपदेशक कोण, हे १७१२च्या कायद्यामुळे बहुतेक ठिकाणी जमीनदार ठरवी. गावाला माणूस पसंत नसला तरी तोच माथी मारला जायचा. १८३४ मध्ये चर्चच्या महासभेनं गावकऱ्यांना नकाराचा हक्क दिला. न्यायालयांनी तो मानला नाही. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोला महासभा भरली असताना निषेधपत्र वाचलं गेलं, आणि पुष्कळ धर्मोपदेशक उठून रस्त्यानं चालत दुसऱ्या सभागृहात जाऊन बसले. सुमारे १२०० पैकी ४७४ जणांनी आपल्या जागा सोडल्या. पगार गेला, राहतं घर गेलं. काही जमीनदारांनी प्रार्थनेपुरती जागाही दिली नाही; स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी तर पाण्यावर तरंगणारं चर्च करून घेतलं. मुंबईच्या चौपाटीवरचं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, ते जॉन विल्सनही या नव्या 'फ्री चर्च'मध्ये गेले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी आपल्या शाळेची इमारत सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रुसून जाणारा आधी वाटणी मागतो. हे लोक सगळं ठेवून गेले. तत्त्वासाठी निघालो की मानासाठी, हे ओळखायची पहिली खूण हीच: किंमत कोण मोजतो? दुसरी खूण त्यांचे पुढारी टॉमस चामर्स यांच्या बोलण्यात आहे. चर्च शुद्ध झालं तर परत यायला आनंदच वाटेल, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणजे निघाले, पण दाराला बाहेरून कडी घातली नाही.

तरी बाहेर पडलं म्हणजे माणूस शुद्ध झाला, असं नाही हो. या नव्या चर्चनं अमेरिकेतल्या गुलाम बाळगणाऱ्यांकडून देणगी घेतली. स्वतः गुलामीतून पळून सुटलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ मध्ये स्कॉटलंडभर 'तो पैसा परत करा' म्हणून सांगत फिरले. पैसा परत गेला नाही. विवेकासाठी घर सोडणाऱ्यांचा विवेकही तिजोरीपाशी अडखळला.

आणि मागं राहिलेले सगळे भित्रेच होते का? जमीनदारांचा तो हक्क १८७४ मध्ये रद्द झाला, आणि तशी मागणी मागं राहिलेल्या चर्चनंच केली होती. आत राहूनही सुधारणा होते, फक्त वेळ लागतो.

मग कारण संपलं, आता परतावं की नाही? पण तोवर दोन घरं, दोन निधी, दोन अभिमान झाले होते. १९०० मध्ये फ्री चर्च आणखी एका चर्चशी एक झालं, तेव्हा मूठभर लोक बाजूला राहिले आणि मालमत्तेचा दावा कोर्टात गेला. १९०४ मध्ये सारी मालमत्ता त्या मूठभरांना मिळाली; शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. ज्यांनी एकदा सगळं सोडलं, त्यांचेच वारस इमारतींसाठी भांडत होते. मूळ चर्चशी पुन्हा एकी झाली ती १९२९ मध्ये, कारण संपल्यावर ५५ वर्षांनी. तेव्हा १८४३ साली उठून गेलेल्यांपैकी कुणी ते पाहायला उरलं नव्हतं.

यावरून एवढं दिसतं, की वेगळं होणं कधीकधी धर्म ठरतं, पण ते कारणाला बांधलेलं असावं. भावाभावांत असो की विश्वस्तांत, निघताना कारण मोठ्यानं सांगावं, झीज स्वतः सोसावी, आणि ते कारण अजून उरलं आहे का, हे अधूनमधून तपासावं. नसेल उरलं, तर पहिल्यांदा हाक कुणी मारायची, याचा हिशेब करत बसू नये. आपणच मारावी.