पाटीवरचा आकडा

वस्तूवर छापलेला आकडा हे आपल्या काळातले प्रमाणवचन होऊन बसले आहे. पूर्वी माणसे म्हणत, 'पोथीत लिहिले आहे'; आता म्हणतात, 'खोक्यावर लिहिले आहे.' पंख्यावर वॅट, पंपावर अश्वशक्ती, लिफ्टमध्ये माणसांची संख्या, ट्रकच्या फळीवर टन. मी राहतो त्या सालवडच्या आसपास तर अशा पाट्यांचे पीकच आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला प्रत्येक बॉयलर आणि प्रत्येक मोटर आपली पत्रिका छातीवर ठोकून घेऊन उभी असते. सकाळी बोईसरला येणाऱ्या लोकलच्या डब्यातही किती जणांच्या बसण्याची सोय आहे ते लिहिलेले असते. मात्र ते वाचायला मान वळवण्याइतकी जागा नसते. गंमत अशी, की आकडा ओलांडला गेला तर आपण तो सोसतो, किंबहुना त्याचा थोडा अभिमानही बाळगतो. आकडा गाठला गेला नाही, की मात्र कोणीतरी खिशात हात घातल्यासारखे वाटते.

तो छापलेला आकडा म्हणजे दिलेला शब्द असतो काय? आणि असला, तर तो कोणी कोणाला दिलेला असतो?

हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात एका संगणकाने घातला. माझा भाचा वसाहतीतल्या कारखान्यांसाठी नळ्यांचे आणि टाक्यांचे नकाशे काढून देतो. काम वाढले म्हणून त्याने संगणकातली स्मृती वाढवली. तिला तो रॅम म्हणतो, आणि आता सारे तेच म्हणतात. आधी दोन पट्ट्या होत्या, तशाच आणखी दोन आणल्या. प्रत्येक पट्टीवर ठळक अक्षरांत ३६०० लिहिलेले. संगणक सुरू केला तो दाखवू लागला २१३३.

"मामा, आपल्याला फसवलं," तो म्हणाला. त्याचे पैसे गेले होते आणि 'आपल्याला' मध्ये त्याने मलाही ओढले, याला आमच्याकडे नाते म्हणतात.

त्याची शोधाशोध मी शेजारी बसून पाहिली. पहिली गोष्ट उघड झाली ती अशी, की ३६०० हा त्या जातीच्या स्मृतीचा ठरलेला वेगच नव्हे. ज्या संस्थेने हिची मानके ठरवली, तिची यादी ३२०० ला संपते. त्यापुढचा वेग हा पट्टी बनवणाऱ्याने स्वतः तपासून, विजेचा दाब १.२ व्होल्टवरून १.३५ वर नेऊन मिळवलेला असतो. त्याची कृती पट्टीवरच्याच एका चिमुकल्या चिपमध्ये लिहून ठेवलेली असते. संगणक मात्र ती आपण होऊन वाचून अमलात आणत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची कळ कोणीतरी लावावी लागते. तोपर्यंत यंत्र नव्या सुनेसारखे जपून, सर्वांत सावध वेगाने वागते.

कळ लावली. यंत्र तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. ही म्हणे त्याची तालीम असते. प्रत्येक पट्टीशी कोणत्या क्षणी बोलायचे ते ते जुळवून पाहते. मग एका ठिकाणी ३६०० दिसले आणि दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये १८००. भाचा पुन्हा उसळणार होता, पण हे दोन्ही खरे निघाले. घड्याळाचे ठोके सेकंदाला १८० कोटी, आणि प्रत्येक ठोक्याच्या चढावर एकदा व उतारावर एकदा अशी देवघेव, म्हणून ३६० कोटी. पाट्यांवर मोठा आकडा छापतात, हे सांगायला नको.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. भाच्याने, सुदैवाने तो काटेकोर आहे म्हणून, रात्रभर स्मृती तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. सकाळी पडद्यावर चुकांच्या चार तांबड्या ओळी होत्या. अब्जावधी वेळा लिहून वाचून पाहिल्यावर चार. आधीची जोडी एकटी लावली: ३६०० वर एकही चूक नाही. नवी जोडी एकटी: एकही नाही. चौघी एकत्र आल्या की चूक. वेग ३२०० वर आणला आणि दुसऱ्या रात्री चौघींनी मिळून निर्दोष काम केले.

म्हणजे खोटे कोण बोलले? पट्टी बोलली नाही. तिने आपला शब्द जोडीने पाळून दाखवला. प्रोसेसरच्या कर्त्याने तर ३२०० चीच हमी दिली होती. दुकानदाराने खोक्यातले दिले. आणि खोक्याच्या मागे, मुंगीने चालत जाऊन लिहावे अशा अक्षरांत, प्रत्यक्ष वेग इतर भागांवर अवलंबून राहील असे छापलेले होतेच. मला वाटते, गोंधळ आपल्या व्याकरणात आहे. 'हिचा वेग ३६००' असे आपण म्हणतो, जणू वेग हा पट्टीच्या अंगचा गुण आहे, तिच्या रंगासारखा. वस्तुतः तो एक जमून आलेला योग असतो: पट्टी, प्रोसेसर, मधल्या तारा, वीज, उष्णता आणि सोबतीला किती जणी आहेत, या सर्वांचा. आमच्या बाजूला वारल्यांचा तारपा नाच चालतो तो ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून द्यावे लागणार नाही. साखळीतला चपळ पोरगा एकटा कितीही वेगाने गिरक्या घेवो, हातात हात गुंफल्यावर त्याचा वेग साखळीचा असतो. हात सोडला तर त्याचा वेग वाढेल, नाच मोडेल.

भाच्याला हे पटले नाही. "चार चुका, मामा! त्याही अब्जांत. जाणवणारसुद्धा नाहीत." त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. नववा हिस्सा वेग सोडायचा, तोही ज्याचे पैसे मोजले तो, आणि कशासाठी, तर कदाचित कधीच न दिसणाऱ्या चुकीसाठी.

पण ती दिसत नाही हेच तर माझे दुखणे आहे. या स्मृतीची घडणच मोठी नाजूक आहे. आय.बी.एम.मधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये ती सुचली: एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कण साठवणारे एक सूक्ष्म भांडे, एवढ्यात एक बिट. ते भांडे गळके असते. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडे वाचून पुन्हा भरावे लागते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा आठवण करून दिली नाही तर संगणक सारे विसरेल. (माणसाची स्मृती याहून बरी की वाईट, हा दिवाळीत काढण्याचा विषय नव्हे.) घाई केली की एखादे भांडे अर्धवट भरते आणि एकचे शून्य होते. आता संगणकात आठ हा अंक ज्या खुणेने लिहितात, तिच्यात एकच बिट पालटला की तो शून्य होतो. एकाचा नऊ व्हायलाही तेवढेच पुरते. वाफेच्या नळीच्या जाडीत असा एक अंक बदलला, तर यंत्र थांबत नाही, घंटा वाजत नाही. चुकीचा नकाशा बरोबर नकाशाइतक्याच सुबक अक्षरांत छापून येतो. संथ यंत्र आपल्याला ताटकळत ठेवते, आणि तेवढ्यापुरते का होईना, खरे सांगते. अतिवेगी यंत्र न अडखळता खोटे सांगू शकते. मोठ्या सर्व्हरमध्ये चूक पकडून सुधारणारी, जास्तीचे बिट राखलेली महाग स्मृती वापरतात ती याचसाठी.

पाटीवरचा आकडा खाली आणणे ही नामुष्की मानायची असेल, तर आमच्या समुद्रकाठी तिचे देशातले मोठे उदाहरण उभे आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र भारतातले पहिले. जनरल इलेक्ट्रिकशी १९६४ मध्ये करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. पाटीवर प्रत्येकी २१० मेगावॅट. पुढे दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्या त्रास देऊ लागल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात क्षमता १६० वर आणली गेली. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. ज्यांनी तो आकडा कमी करण्याच्या कागदावर सही केली असेल, त्यांना ते सोपे गेले नसणार. पहिलेपणाच्या अभिमानातले पन्नास मेगावॅट खोडायचे होते. पण त्या १६० वर हे संच पुढे दशकानुदशके चालले, आणि २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. २१० चाच हट्ट धरला असता तर काय झाले असते हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र खरे, की खाली आणलेला आकडाच त्यांचा खरा आकडा ठरला.

घरोघरी आपण हेच उलट करतो. मुलगा आठवीत गेला की त्याच्या कपाळावर आपल्याला एक आकडा दिसू लागतो. 'याची कुवत नव्वद टक्क्यांची आहे,' असे आपण पाहुण्यांदेखत म्हणतो, आणि पंचाहत्तर मिळाले की पोराने पंधरा टक्के चोरल्यासारखे त्याच्याकडे पाहतो. नव्वद कोणी, कोणत्या तपासणीत मोजले होते? बहुधा एखाद्या रविवारी त्याने एक पाढा न चुकता म्हटला होता. पट्टीच्या कर्त्याने निदान खोक्याच्या मागे बारीक अक्षरे तरी छापली.

एवढे लिहून झाल्यावर मला माझ्याच युक्तिवादाची थोडी भीती वाटते. परिस्थिती, सोबत, उष्णता, वय अशी कारणे एकदा हाताशी आली, की कोणताही शब्द खाली आणता येतो. तारापूरला पुढे ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच झाले, २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागले. त्या प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्मृतीच्या पट्टीला किती सोसते ते रात्रभर तपासल्यावाचून कळत नाही, हे मला मान्य आहे. नळी कधी गळेल हे बांधणाऱ्यालाही नेमके ठाऊक नसते. पण माणसाला घर सोडायला सांगताना दिलेला शब्द हा काही मोजून पाहायचा वेग नव्हे. तो देणाऱ्याच्या हातातला असतो. ज्याने आपले अंगण, आपली विहीर दिली, त्याला 'दोनशे दहाचे एकशे साठ झाले, समजून घ्या' असे सांगायला मी तरी जाणार नाही.