पूर्त आणि पाणीयोजना

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांची इष्ट आणि पूर्त अशी विभागणी केली. यज्ञयाग इष्टात, तर विहिरी, तळी, अन्नछत्रे, बागा पूर्तात. इष्टाचा अधिकार मोजक्यांना, पूर्ताचा मात्र शूद्रांनाही. तळे बांधून झाले की त्याचा उत्सर्ग करायचा. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी या विधीवर ‘उत्सर्गमयूख’ लिहिला. दानात घेणारा ठरलेला असतो आणि त्याने ते स्वीकारावे लागते. उत्सर्गात असा कोणी ठरलेला नसतो. यजमान पाण्यावरचे आपले स्वामित्व सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो, आणि त्यानंतर स्वतः तिथे पाणी प्यायला तरी इतरांसारखाच एक म्हणून पितो. एखादी नगरपरिषद पाणीपुरवठ्याचा आराखडा करते तेव्हा पाणी खरोखर सर्वांचे कसे होईल, हाच प्रश्न तिच्यापुढे असतो, असे मला वाटते. योजना कोणाच्या प्रयत्नाने मंजूर झाली, टाकी किती लाख लिटरची, यावर तिचे पुण्य ठरत नाही. सगळ्यात शेवटच्या नळाला काय मिळते, यावर ते ठरते.

यावर पहिला आक्षेप धर्माबद्दलच घेतला जाईल, आणि तो जबर आहे. ‘सर्व प्राणिमात्रांसाठी’ म्हणणाऱ्या समाजाने माणसांनाच पाणवठ्यावरून हाकलले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. तळे खुले असल्याचा निकाल उच्च न्यायालयातून मिळायला 1937 उजाडले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, हे लक्षात घेतले की प्राणिमात्रांच्या यादीतून नेमके कोण वगळले गेले ते कळते. म्हणून उत्सर्गाची कल्पना टाकून द्यावी काय? मला उलट वाटते. महाडने दाखवले ते एवढेच की संकल्प सोडल्याने पाणी सर्वांचे होत नाही. ते सर्वांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था लागते आणि ती कोणाच्या मर्जीवर ठेवून चालत नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद खुला केला, त्यात संकल्प आणि व्यवस्था एकच होती.

आज शहरात घागर सहसा कोणी अडवत नाही. ते काम आता वाहिनीतला पाण्याचा दाब करतो. एक दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात टाकीजवळच्या घरांत नळ धो धो वाहतो आणि चढावरच्या वस्तीत, वाहिनीच्या टोकाला, करंगळीएवढी धार येते. मग मधली घरे नळाला थेट मोटार लावतात आणि टोकाचे उरलेसुरले पाणीही ओढून घेतात. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनीतला दाब उतरतो, फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते, आणि ते मोटारवाल्यांच्या घरीही जाते. ही टोकाची वस्ती बहुधा कोणाची असते, हे वेगळे सांगायला नको. शहरी पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या केंद्रीय निकषांत एकमजली भागासाठी किमान 7 मीटर आणि दुमजलीसाठी 12 मीटर, म्हणजे पाणी तेवढे उंच चढेल इतका, दाब धरला होता. माझ्या मते असा किमान दाब आजच्या पूर्तधर्माचा भाग मानावा. तो टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नळावर मोजावा.

दुसरा आक्षेप पाणीपट्टीचा. पाणी विकणे पाप, मग मीटर कशाला? परंतु परंपरेने जीर्णोद्धारालाही पुण्य मानले आहे, आणि गळकी वाहिनी फुकट दुरुस्त होत नाही. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावले, जास्त वापराला चढता दर ठेवला आणि चोवीस तास पाणी दिले. तिथे साठवायला आणि ओढायला कारणच उरले नाही. गरजेपुरते पाणी स्वस्त आणि चैनीचे महाग, यात मला विक्री दिसत नाही. सरसकट एकच पट्टी मात्र अन्यायाची, कारण तिच्यात दोन हंडे भरणारा गाड्या धुणाऱ्याचा खर्च भरतो.

तेव्हा आपल्या नगरपरिषदेचा आराखडा हरकतींसाठी ठेवला जाईल, त्या वेळी टाकीचे चित्र पाहून परत येऊ नका. चढावरच्या शेवटच्या नळाला किती मीटर दाब धरला आहे, एवढे विचारा आणि उत्तर लेखी मागा.