काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठी भाषेने एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी साठवून ठेवल्या आहेत. ‘काळजी करणे’ म्हणजे मनाला घोर लावून घेणे, आणि ‘काळजी घेणे’ म्हणजे दुसऱ्याचे हित जपणे. क्रियापद तेवढे बदलते आणि अर्थ पालटतो. नित्याच्या व्यवहारात या दोन्ही क्रिया एकमेकींत अशा मिसळलेल्या असतात, की आपण त्यांपैकी कोणती करीत आहोत याचे भानही आपल्याला राहत नाही. घरातील एखादे तरुण मूल चिंताविकाराने ग्रासले गेले, म्हणजे मात्र या दोहोंतील अंतर उघडे पडते. भ्यालेल्या माणसाशी त्याच्या प्रियजनांनी कसे वागावे, हा प्रश्न वैद्यकाचा आहेच; पण तो नीतीचाही आहे. त्याच्या या दुसऱ्या बाजूविषयी चार विचार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही बाजव्याची माणसे कारखान्यांच्या भोंग्यांच्या सोबतीने म्हातारी झालो. साठच्या दशकात येथे खताचा कारखाना आला, शेजारी कोयलीला तेलशुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला, आणि भोंग्याचा आवाज आमच्या दिनक्रमाचा भाग झाला. पाळीचा भोंगा कोणता आणि धोक्याचा कोणता, हे येथील लहान मुलालाही कळते. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या प्रकल्पात बेंझिनच्या टाकीचा स्फोट होऊन आग लागली, दोन कामगारांचा बळी गेला आणि धुराचे लोट दूरवरून दिसत राहिले. त्या दिवशी ज्यांच्या छातीत धडधडले, त्यांची भीती यथार्थ होती. भय हा काही दोष नव्हे. तो देहाचा पहारेकरी आहे.

परंतु कोठेही आग नसताना धोक्याचा भोंगा वाजू लागला तर? चिंताविकारात नेमके हेच घडते. हृदय जोराने धडधडते, श्वास अपुरा पडतो, तोंड कोरडे होते, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार असे वाटू लागते. वैद्यक ज्याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणते, तो हा झटका बहुधा काही मिनिटांत शिखर गाठतो आणि ओसरतो. पण तो पुन्हा येईल या धास्तीने पुढचे दिवस पोखरले जातात. ज्या जागी तो आला ती जागा टाळावीशी वाटते, मग त्या जागेसारख्या साऱ्या जागा. साधी चिंता आणि चिंताविकार यांतील सीमारेषा येथे सापडते. चिंता सर्वांनाच असते. विकार जगण्याचे क्षेत्र आकसून टाकतो. येथे भोंगा खोटा असला, तरी तो ऐकणाऱ्याचे कान खरे असतात. हे ज्याला उमगले नाही, त्याला पुढचे काहीच उमगणार नाही.

मला ते उमगायला वेळ लागला, म्हणून थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. माझा नातू महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात असताना बाजव्याहून वडोदऱ्याला मेमू गाडीने जात असे. उण्यापुऱ्या पाव तासाचा प्रवास. एका सकाळी गर्दीच्या डब्यात त्याला असा झटका आला. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सारे निर्दोष निघाले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय संपला असे मानले. तो मात्र रोज स्थानकापर्यंत जाऊन परत येऊ लागला.

मी त्याला रागावलो. आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर घोड्यावरून या प्रांतात आले, नर्मदा ओलांडताना ते भ्याले नाहीत आणि तू आगगाडीला भितोस, असे मी त्याला ऐकवले. आपल्या जुन्या घरांना पूर्वजांच्या तलवारी फार लवकर आठवतात. तो काही बोलला नाही. भीतीच्या जोडीला आता लाजही आली, एवढाच माझ्या वीरश्रीचा परिणाम झाला. ताप आलेल्या मुलाला ‘अंग थंड ठेव’ असे दरडावणारा आजोबा आपण मूर्ख ठरवू. ‘घाबरू नकोस’ असे दरडावणारा मात्र आपल्याला करारी वाटतो. भीती हा इच्छेचा विषय आहे, मनावर घेतले की ती जाते, हा आपला समज त्यामागे असतो. वस्तुतः आपले घाबरणे कोणी ठरवून करीत नाही. जे ज्याच्या इच्छेच्या अधीन नाही, त्याबद्दल त्याला दोषी धरणे हा अन्याय होय.

रागावणे व्यर्थ गेल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. त्याच्यासोबत गाडीने जाऊ लागलो. पुढे गाडीही सोडली, रिक्षा लावली. गर्दीच्या समारंभांना तो येणार नाही हे नातेवाइकांना मीच परस्पर कळवू लागलो. दुकानदाराशी, लिपिकाशी, शिक्षकांशी त्याच्या वतीने मी बोलू लागलो. आठ महिने हे चालले, आणि त्याला मी प्रेम समजत होतो. अखेरीस आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मलाच विचारले, “आजोबा, तुम्ही सोबत जाता तेव्हा बरे कोणाला वाटते?” मी उत्तर देऊ शकलो नाही. खरे उत्तर असे होते, की त्याला घडीभर वाटे आणि मला दिवसभर.

त्या प्रश्नाने मला गीतेच्या आरंभाकडे परत नेले. पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या देहाची अवस्था सांगतो. गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, शरीर कापते आहे, धनुष्य हातातून निसटते आहे, मन भोवंडते आहे, उभे राहवत नाही. अर्जुनाचा विषाद हा विकार नव्हता. समोर आप्त उभे होते आणि त्याचा पेच खरा होता, हे मान्य. तरीही देहाची ही साक्ष ज्याने असा झटका पाहिला आहे त्याला ओळखीची वाटेल. मला त्याहून बोधप्रद वाटते ते सारथ्याचे वागणे. दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी श्रीकृष्णही आधी धिक्काराचेच शब्द वापरतो, आणि त्या शब्दांनी अर्जुन उठत नाही. तो लढणार नाही असे सांगून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताचे दरडावणे जेथे फळले नाही, तेथे आपली काय कथा! त्यानंतर सुरू होतो तो दीर्घ संवाद. या साऱ्या वेळी रथ कोठे आहे? दोन्ही सैन्यांच्या मधोमध. लगाम सारथ्याच्या हाती होते. रथ मागे वळवून अर्जुनाला भयापासून दूर नेणे त्याला सहज शक्य होते. घोड्यांना चाबूक मारून रथ शत्रूवर घालणेही शक्य होते. त्याने दोन्ही केले नाही. त्याने रथ तेथेच उभा ठेवला, स्वतः रथावरून उतरला नाही, आणि सारे सांगून झाल्यावर अखेरचा निर्णय अर्जुनाच्या विचारावर सोपवला. मी आधी चाबूक उगारला होता आणि मग रथ वळवला होता. मधली जागा मला ठाऊकच नव्हती.

आधुनिक मानसशास्त्र या मधल्या जागेकडे निराळ्या वाटेने पोहोचले आहे. भीती टाळली की तत्काळ आराम मिळतो, आणि तो आरामच मेंदूला शिकवतो की टाळले म्हणून वाचलो. दर वेळच्या टाळण्याने भीतीला दुजोरा मिळतो. घरची माणसे या टाळण्यात साहाय्य करतात तेव्हा विकार सौम्य न होता मुरतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रत्यक्ष उपचार दिले. उरलेल्यांच्या बाबतीत मुलांना न भेटता केवळ आईवडिलांना वागणे बदलण्यास शिकवले. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली. आईवडिलांना शिकवलेले सूत्र दोन अंगांचे होते. तुला होणारा त्रास खरा आहे, हे एक. आणि तो सोसून तू पुढे जाऊ शकशील असा माझा विश्वास आहे, हे दुसरे. पहिले अंग नसेल तर उरते ती कठोरता, आणि दुसरे नसेल तर उरते ती केवळ कीव. दुःखावर विश्वास ठेवायचा, पण भीतीने दिलेल्या निकालावर ठेवायचा नाही, असे त्याचे सार मला सांगता येईल.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे, की शूर कृत्ये करता करता माणूस शूर होतो. शौर्य आधी आणि कृती मागाहून, असा क्रम नसतो. हे मान्य केले, तर ज्याच्या वाटची प्रत्येक कृती आपण हिरावून घेतो त्याचे धैर्यही आपण हिरावून घेतो. माझ्या आठ महिन्यांच्या सोबतीत एक चोरी होती, ती ही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. भ्यालेल्याला भयाच्या समोर उभे करणे हे क्रौर्य नव्हे काय? त्याच्या भल्याच्या नावाखाली छळ करण्याचा हा परवाना ठरणार नाही काय? ठरेल, जर पाऊल कोणते आणि केव्हा टाकायचे हे आपण ठरवले तर. पोहता यावे म्हणून मुलाला विहिरीत ढकलून देण्याची जुनी रीत आणि हा मार्ग यांत हाच भेद आहे. उपचारात पायऱ्या असतात आणि त्या रुग्णाच्या संमतीने आखल्या जातात. माझ्या नातवाने आपली यादी स्वतः लिहिली. प्रथम नुसते फलाटावर थांबणे आणि गाडी जाऊ देणे. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने वडोदरा. मग मी दुसऱ्या डब्यात. मग मी घरी. काही पायऱ्यांवर तो पंधरा पंधरा दिवस अडला, एकदा दोन पायऱ्या खाली आला. आपण ढकलायचे नाही आणि उचलूनही घ्यायचे नाही, हे पाहत उभे राहणे किती अवघड आहे ते मी सांगू शकत नाही.

काहींना औषधेही लागतात. चष्मा लागणे हा जसा डोळ्यांचा नाकर्तेपणा नव्हे, तसा औषध लागणे हा मनाचा नव्हे. मात्र ते तज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यावे आणि सोडावेही त्याच्याच सल्ल्याने. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर पायऱ्यांची चर्चा करीत बसू नये, त्याला एकटे सोडू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवण्याजोगा आहे.

आपल्या समाजाविषयी एक शब्द बोलणे आवश्यक आहे. वडोदऱ्याच्या परिसरातील जुनी मराठी घरे मोजकी, एकमेकांना ओळखणारी आणि सोयरिकींनी बांधलेली. असा समाज संकटात उबदार असतो. पण त्यात काही लपून राहत नाही, म्हणून सगळेच लपवावे लागते. मुलीचे लग्न जमायचे आहे, मुलाच्या नावाला बट्टा लागेल, या धास्तीने घरे वैद्याची पायरी चढत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. याचा अर्थ, पन्नास मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असावीत. आपली घरे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. ज्या संस्थानाने १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्याच्या प्रजेचे वारस म्हणवून घेण्यात आपल्याला अभिमान वाटतो. त्या अभिमानाला जागायचे, तर दुसऱ्याच्या घरातील अशी गोष्ट कानी आली असता ती पुढे न नेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

नातवाची भीती पुरती गेली, असे मी सांगणार नाही. परीक्षेच्या दिवसांत ती अजून डोके वर काढते. तो तिला ओळखतो आणि तिच्यासकट गाडीत चढतो. ज्या सकाळी तो प्रथम म्हणाला, “आजोबा, आज तुम्ही घरीच थांबा,” त्या सकाळचे मला आठवते. तो फाटकाबाहेर पडला. गाडीची वेळ झाली, वडोदऱ्याला पोहोचण्याची वेळ झाली, आणि माझा हात दूरध्वनीकडे गेला. छातीत धडधडत होते, तोंडाला कोरड पडली होती. आग कोठेही नव्हती. मी हात मागे घेतला आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.