राउटरचा संवर

घरातल्या संगणकावरून कधीही न पाहिलेल्या, बहुधा दूरच्या देशातल्या माणसाशी बुद्धिबळाचा डाव मांडला, की दोघांच्या मध्ये राउटरची फायरवॉल असते. तिची आठवण सहसा होते ती डाव जुळला नाही किंवा मध्येच तुटला म्हणजे. मग सल्ला मिळतो की फायरवॉल बंदच करून टाका, नाहीतर सगळे पोर्ट त्या एका संगणकाकडे वळवा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यासाठी 'डीएमझेड' नावाची सोयही असते. ती चालू केली की बाहेरून न बोलावता आलेलं सगळं त्या एका यंत्रावर जाऊन आदळतं. हा सल्ला घातक आहे हे कोणीही जाणकार सांगेल. मला त्याच्यामागची समजूत अधिक विचार करण्यासारखी वाटते. अनोळखी माणसाला भेटायचं तर दार सताड उघडावं लागतं, आणि दार राखायचं तर भेटीवर पाणी सोडावं लागतं, अशी ती समजूत आहे. धर्मविचारात ती फार जुनी आहे. इंद्रियं आवरणारा जगाला मुकतो आणि जगात वावरणाऱ्याला इंद्रियं आवरता येत नाहीत, असं आपण सहज म्हणून जातो. बौद्ध आणि जैन परंपरांनी ही जोडी अशी समोरासमोर उभी केली नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांच्या म्हणण्यातला एक सहसा न बोलला जाणारा भाग राउटरच्या कामकाजातून लख्ख दिसतो, असं माझं म्हणणं आहे.

घरगुती राउटरचा मूळ नियम साधा आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला वाट मोकळी, बाहेरून आपणहून येणाऱ्याला मज्जाव. खेळाडूचा संगणक सर्व्हरशी बोलणं सुरू करतो तेव्हा राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: आतलं यंत्र कोणतं, त्याचा पोर्ट कोणता, बाहेरचा पत्ता कोणता, तिथला पोर्ट कोणता. परत येणारं प्रत्येक पॅकेट या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. जुळलं तर आत येतं, नाही तर तिथेच संपतं. लिचेससारख्या आजच्या संकेतस्थळांवरचा सगळा खेळ 443 या पोर्टवरून चालतो. बँकेचे व्यवहार होतात तोच हा पोर्ट, म्हणून तिथे खेळण्यासाठी राउटरमध्ये सहसा काहीच बदलावं लागत नाही. 1995 साली सुरू झालेला फ्री इंटरनेट चेस सर्व्हर मात्र 5000 या पोर्टवर ऐकतो. वसतिगृहात किंवा कडक नियम लावलेल्या घरात बाहेर जाणाऱ्या वाटाही मोजक्याच ठेवलेल्या असतात, तिथे हा डाव अडतो. त्यावरचा उपाय एका ओळीचा आहे: त्या सर्व्हरच्या पत्त्यावर, 5000 पोर्टकडे, बाहेर जायला परवानगी. आत येणाऱ्यांसाठी एकही नवं दार लागत नाही. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक खेळी परदेशातून आलेली असली तरी राउटरच्या लेखी ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि उत्तराला वाट आधीच दिलेली असते.

संयुत्त निकायातल्या किंसुक सुत्तात सीमेवरच्या एका नगराचा दृष्टान्त आहे. तटबंदी भक्कम, दरवाजे सहा, आणि द्वारपाल शहाणा. तो अनोळख्यांना अडवतो आणि ओळखीच्यांना सोडतो. पुढे दृष्टान्ताची फोड केली आहे. नगर म्हणजे देह, दरवाजे म्हणजे पाच इंद्रियं आणि मन, द्वारपाल म्हणजे स्मृती. या नगरात दूतांची एक वेगवान जोडी येते आणि चौकात बसलेल्या नगरस्वामीला खरा निरोप देऊन आल्या वाटेने परत जाते. हे दूत म्हणजे शमथ आणि विपश्यना. दृष्टान्तातले दरवाजे बुजवलेले नाहीत, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. ते बुजवले असते तर चोर आला नसता, पण निरोपही आला नसता, आणि नगर ज्यासाठी राखायचं तेच हातून गेलं असतं. राउटरचा द्वारपाल एका बाबतीत सुत्तातल्या द्वारपालाहून वेगळा आहे. त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. त्याच्याकडे फक्त आपण कुठे गेलो होतो आणि काय विचारलं होतं याची नोंद असते. म्हणूनच जन्मात न भेटलेला माणूसही त्याच्या हाताखालून आत येऊ शकतो. ओळख ही प्रवेशाची अट असती, तर आपण कायम त्याच चार सोबत्यांशी खेळत बसलो असतो. इथली अट वेगळी आहे: मागणी आपली असली पाहिजे आणि ती आपल्या ध्यानात राहिली पाहिजे.

जैन विचाराने हे आणखी बारकाईने मांडलं आहे. कर्म आत झिरपतं तो आस्रव, तो रोखणं म्हणजे संवर. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात संवराची साधनं सांगितली आहेत, त्यांत गुप्ती आणि समिती ही दोन शेजारी येतात. गुप्ती म्हणजे मन, वाणी आणि काया यांच्या हालचाली आवरणं. समिती मात्र हालचाल करावीच लागते तेव्हा ती कशी करावी याची शिस्त आहे: चालताना, बोलताना, भिक्षा घेताना, वस्तू उचलता-ठेवताना, उत्सर्ग करताना बाळगायची सावधगिरी. रोखण्याच्या शास्त्रात बाहेर पडण्याचे नियम आले आहेत, याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. साधूला चालावं लागतं, अन्न मागावं लागतं, हे गृहीत धरूनच संवराची रचना केली आहे. फायरवॉलचे नियम लिहिणाऱ्याने हेच दोन भाग वेगळे ओळखावेत. आत येणाऱ्यांना सरसकट नकार ही गुप्ती, आणि 'या सर्व्हरकडे, या पोर्टवर, एवढंच' ही समिती. फायरवॉल बंद करून टाकणारा दोन्ही सोडतो. सगळंच अडवून मग खेळ चालत नाही म्हणून हळहळणारा फक्त पहिली धरतो.

नोंद किती काळ जपायची, हा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. बुद्धिबळात शांतता हा खेळाचाच भाग असतो. संथ डावात एखादा खेळाडू एका खेळीवर वीस मिनिटं विचार करत बसतो, तेवढा वेळ तारेतून काहीच जात नाही. राउटरच्या तक्त्यात जागा मर्यादित असते, म्हणून शांत पडलेल्या नोंदी तो ठरावीक वेळाने पुसून टाकतो. जुळलेली जोडणी शांत राहिली तरी किमान 2 तास 4 मिनिटं विसरू नये, अशी शिफारस 2008 सालच्या इंटरनेट मानकात आहे. पण पुष्कळ घरगुती राउटर त्याच्या फार आधी विसरतात. मग अचूक शोधलेली खेळी पाठवावी तर मधली वाटच नाहीशी झालेली असते, आणि पलीकडचा समजतो की हा हरताना पळून गेला. यावरचा उपायही दार उघडण्याचा नाही. अधूनमधून एक रिकामा संदेश पाठवत राहिलं की नोंद ताजी राहते. आजची बुद्धिबळाची संकेतस्थळं हे आपोआप करतात. 5000 पोर्टवर खेळणाऱ्याने ती सोय आपल्या प्रोग्रॅममध्ये चालू आहे ना, हे पाहावं. रोखणं हे एकदा करून मोकळं होण्याचं काम नाही, ते पुन्हा पुन्हा ताजं करावं लागतं, असं साधनेचे आचार्य सांगत आले आहेत. द्वारपाल विसराळू झाला तर पहिला घाव शत्रूला बसत नाही, आपण ज्याला स्वतः बोलावलं त्याला बसतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं भीतीचं तत्त्वज्ञान आहे. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानायला सांगतं, आणि इथे तर न सांगता येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचं समर्थन चाललं आहे. आक्षेप मनाला भिडणारा आहे, पण तो दोन गोष्टी नजरेआड करतो. अतिथी येतो तेव्हा दारात माणूस असतो. तो पाहतो, बोलतो, भुकेल्याला ओळखतो. उघड्या पोर्टमागे पाहणारं कोणी नसतं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. 2016 साली मिराई या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधले, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून त्यांत शिरकाव केला आणि त्यांची फौज केली. 21 ऑक्टोबरला त्या फौजेचा मारा डिन या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांच्यापैकी अनेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. दार सताड उघडं टाकणाऱ्याने इथे आपलं घर गमावलं नाही, त्याच्या घरातून तिसऱ्यावर वार झाला. अशा वेळी राखलेलं दार हा अहिंसेचा भाग ठरतो. भीतीने दार लावणारा आणि आपल्यामुळे कोणाला इजा होऊ नये म्हणून लावणारा, दोघांचा नियम एकच दिसेल. तो लिहिण्यामागचा हेतू मात्र वेगळा असतो, आणि धर्माला हेतूची फिकीर आहे.

नकार कसा द्यायचा, यातही नीती आहे. फायरवॉल नको असलेलं पॅकेट दोन प्रकारे परतवू शकते. एका प्रकारात ती काहीच बोलत नाही आणि पलीकडचं यंत्र वाट पाहून थकतं. दुसऱ्यात ती स्पष्ट कळवते की हा पोर्ट बंद आहे. इंटरनेटच्या बाजूला मौन ठेवण्याची रीत आहे, कारण हजारो पोर्ट धुंडाळणाऱ्याला उत्तर देणं म्हणजे आपण इथे आहोत हे सांगणं. पण घरातल्याच माणसाला एखादी वाट बंद असेल तर त्याला तसं कळवणारा नकार मला योग्य वाटतो. कारण न सांगता ताटकळत ठेवणं हा संयम नव्हे. कांटने 1795 साली शाश्वत शांततेवर लिहिताना परक्याचा हक्क नेमका रेखला होता: आला म्हणून त्याला शत्रूसारखं वागवू नये एवढा त्याचा हक्क, घरात राहण्याचा नव्हे. नकार आणि वैर यांतला हा फरक नियम लिहिणाऱ्यालाही सांभाळता येतो.

यंत्राच्या रोखण्याला संवर म्हणणं हा शब्दांचा गैरवापर आहे, असंही कोणी म्हणेल. ते खरंच आहे. राउटरला पुण्य लागत नाही. पण नियम माणसाचा असतो, निदान असावा. अनेक राउटरमध्ये यूपीएनपी ही सोय आधीपासून चालू असते. तिच्या आधारे घरातला कोणताही प्रोग्रॅम मालकाला न विचारता बाहेरच्यांसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतो. बुद्धिबळासाठी तिची गरज नाही, ती बंद करावी. जे आपल्या नकळत उघडतं त्याला औदार्य म्हणता येत नाही आणि जे नकळत बंद असतं त्याला संयम म्हणता येत नाही.

या सगळ्याहून अवघड आक्षेप पुढेच आहे, आणि तो मला मान्य आहे. प्रत्येक घराचं दार फक्त आतून बाहेर उघडत असेल, तर दोन घरं एकमेकांना भेटणार कशी? दोन मित्रांनी मधला सर्व्हर टाळून थेट खेळायचं ठरवलं, दोघेही राउटरमागे बसले, तर हाक कोणीही मारली तरी समोरचा राउटर तिला अनोळखी ठरवतो. एकाने आपला एक पोर्ट उघडून ठेवल्याशिवाय डाव सुरू होत नाही. दोघांना एकाच वेळी बाहेर पडायला लावण्याची युक्ती आहे, पण त्या दोघांना एकमेकांचे पत्ते सांगायला तिसरा लागतो. बऱ्याच मोबाइल जोडण्यांवर तर अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, तिथे मनात असूनही आपला पोर्ट उघडता येत नाही. म्हणजे आपला संवर कोणाच्या तरी उघड्या दारावर जगतो. सर्व्हर रात्रंदिवस ऐकत बसतो, न बोलावता येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देतो आणि आपण टाळलेला सगळा धोका अंगावर घेतो. भिक्षूचंही असंच असतं. त्याच्या राखलेल्या इंद्रियांना आधार असतो तो दार न लावणाऱ्या गृहस्थाचा. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याचं शिक्षणही अशाच घरांवर चाललं. जैनांनी हे ऋण लपवलं नाही. साधूसाठी एषणा समिती, म्हणजे भिक्षा घेतानाची सावधगिरी, सांगितली तशी गृहस्थाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग, म्हणजे आपल्यातला वाटा अतिथीला देणं, हेही घातलं. एकाची शिस्त दुसऱ्याच्या व्रतावाचून पुरी होत नाही.

म्हणून स्वतःचं दार राखणारा आपलं दार उघडं ठेवणाऱ्याचं देणं लागतो, असं मी मानतो. हे देणं हवेतलं नाही. 1992 साली सुरू झालेला इंटरनेट चेस सर्व्हर 1995 मध्ये पैसे घेऊ लागला, तेव्हा त्यावर आधी काम केलेल्या काहींनी त्याच वर्षी 5000 पोर्टवरचा तो फुकट सर्व्हर उभा केला. 2010 साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेलं लिचेस जाहिरातींशिवाय, खेळाडूंच्या देणग्यांवर चालतं आणि त्याचा सगळा कोड खुला आहे. तिथे रोज खेळून कधी काहीच न देणारा माणूस नियम मोडत नाही, पण भिक्षा घेणारा आणि भिक्षा वाढणारा हे नातं तो अर्धंच पाळतो. पैसे नसतील तर भाषांतर करावं, चूक आढळली तर नीट कळवावी, नव्याला शिकवावं.

पण मग ते उघडं दार तरी राखलेलं नसतं का? असतं. फुकट सर्व्हरवर नाव न नोंदवता 'गेस्ट' म्हणून कोणालाही शिरता येतं. त्याला पट मिळतो, घड्याळ मिळतं, प्रतिस्पर्धी मिळतो. मात्र त्याच्या हारजितीने कोणाचं मानांकन हलत नाही. ते हलवायचं तर नाव सांगून, नोंद करून यावं लागतं.