शब्द खरे, व्यवहार खोटा

आमच्या मंडळीतील एक तरुण गावोगाव मिक्सर व इस्त्र्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीस होता. दारोदार चिठ्ठ्या द्याव्या, घरच्या बाईने चिठ्ठी घासावी, आणि "ताई, बक्षीस लागले, अर्धी किंमत माफ, पण पैसे आजच भरा," असे तिला सांगावे, हे त्याचे काम. चिठ्ठ्या सर्व एकसारख्याच असत. आणि वेष्टनावरील किमतीच्या अर्ध्यात तसलीच वस्तू तालुक्याच्या बाजारात कोणासही मिळे. तो आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, मी एकही खोटा शब्द बोलत नाही. मग यात पाप कोणते?"

प्रिय वाचकहो, लबाडी केवळ जिभेवर असते काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील हनन्याकडे पाहा. जमिनीच्या पैशांतून काही मागे ठेवून उरलेला भाग त्याने प्रेषितांच्या चरणांपाशी ठेवला. त्याच्या तोंडचा एकही शब्द तेथे नमूद नाही. तथापि पेत्राने त्यास देवाशी लबाडी करणारा ठरविले. आपल्या देशाचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही महत्त्वाची माहिती बुद्धिपुरस्सर लपविणाऱ्या जाहिरातीस दिशाभूल करणारीच म्हणतो. फसलेल्याने पावती जपून ठेवावी व १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगावी. त्यात लाज नाही.

गिऱ्हाइकानेही आपले मन तपासावे. मालाला नावे ठेवून तो घेणारा व मग घरी जाऊन फुशारकी मारणारा मनुष्य नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आहेच. परंतु मजुरीचे पैसे गमावलेल्या बाईस लोभी म्हणून आपण मोकळे होऊ नये. जाळे तिने विणले नव्हते.

आम्ही त्या तरुणास एकच कसोटी सांगितली: जे तू सांगत नाहीस ते त्या बाईस कळले, तर ती पैसे देईल काय?

पुढील आठवड्यापासून तो प्रत्येक दारी सांगू लागला की, चिठ्ठ्या सर्व सारख्याच आहेत. विक्री बसली, आणि मालकाने त्यास काढून टाकले. त्याच्या घरी म्हातारी आई आहे. आमच्या उपदेशास काही मोल पडले नाही. मोल त्याने दिले. म्हणून ज्या मंडळीने त्यास सत्य शिकविले, तिने त्यास कामही शोधून द्यावे. नाहीतर आमचेही शब्द खरे आणि व्यवहार खोटा ठरेल.