वेगळं ताट

एका गावात गणिताचे एक प्राध्यापक राहत होते. शिकवण्यात हुशार, वागायला सरळ. कॉलेजातला शिपाई त्यांच्या मागच्याच आळीत, हाकेच्या अंतरावर राहायचा. दर वर्षी भीमजयंतीला तो सांगायला यायचा, "सर, यंदा तरी जेवायला या." सर म्हणायचे, "येतो रे, येतो." आणि ते जायचेही. प्रतिमेला हार घालायचे, मुलांना दोन शब्द सांगायचे. पंगत बसायची वेळ झाली, की पोटावरून हात फिरवून म्हणायचे, "आता जागा नाही बघ." आणि घरी यायचे. शिपाई कधी काही बोलला नाही. कारण दोघांनाही ठाऊक होतं. उच्चारत कुणीच नव्हतं.

निवृत्तीनंतर सरांना इथिओपियातून बोलावणं आलं. ताणा सरोवराच्या काठी बहिर दार नावाचं शहर आहे, तिथल्या विद्यापीठात शिकवायचं होतं. घरच्या मंडळींना मागे ठेवून सर एकटेच निघाले. पत्नीने सामानात कुकर, डाळ-तांदूळ, मेतकूट आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. तिथे पोहोचल्यावर सर खोलीवर स्वतः रांधू लागले. वर्गातून आले की भात लावायचा, दार ओढून घ्यायचं आणि जेवायचं, असा क्रम बसला.

एकदा पाहुण्यांबरोबर त्यांना मोठ्या हॉटेलात जावं लागलं. तिथे नाचगाणं चाललं होतं. सर शाकाहारी आहेत हे कळल्यावर वाढप्याने त्यांच्यापुढे स्वतंत्र ताट ठेवलं, चमचा दिला, तिखटही कमी करून आणलं. सरांनी जेवणाचा फोटो घरी पाठवला आणि लिहिलं, "इथलं जेवण चाखलं. ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे एका तरुण सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बुधवारी आमच्या घरी या. बुधवार-शुक्रवार आमचा उपास असतो. त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीसुद्धा नाही. तुम्हाला काही विचारावं लागणार नाही."

उपासाला दूधही चालत नाही, हे ऐकून सरांना नवल वाटलं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे असे उपास वर्षभर चालतात, आणि ईस्टरच्या आधी तर सलग ५५ दिवस. सर बुधवारी तिसऱ्या प्रहरी त्याच्या घरी गेले.

सहकाऱ्याची आई चुलीपाशी होती. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ तिने तीन दिवस आंबवलं होतं. मातीच्या रुंद तव्यावर ती ते कडेपासून मधोमध गोल गोल ओतत गेली आणि वर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं, तेव्हा वरच्या अंगाला सगळीकडे बारीक जाळी पडली होती. ही त्यांची भाकरी, इंजेरा. ती उलटत नाहीत. तिने ती अलगद सरकवून टोपलीवर घेतली.

मग मुलीने तांब्यातून सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. गवताची विणलेली उंच टोपली मध्ये आली. तिच्यावर एकच मोठी इंजेरा अंथरली होती आणि तिच्यावर जागोजागी कालवणं वाढली होती. लाल मसुरीचं तिखट कालवण, पालेभाजी, आणि हरभऱ्याच्या पिठाचं शिरो, आपल्या पिठल्याच्या जवळ जाणारं. आई, मुलगा, सून, नातवंडं, सगळी भोवती बसली. सर आपलं ताट कुठे आहे ते बघू लागले. ताट नव्हतं. सगळ्यांचं मिळून तेच एक होतं.

सरांचा हात थबकला. लहानपणापासून त्यांना उष्टं-खरकटं शिकवलेलं होतं. पण भूक लागली होती आणि सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. त्यांनी आपल्यापुढची कड तोडली, शिरोत बुडवली आणि तोंडात घातली. आंबूस चव, मागून बर्बेरे या तिथल्या तिखट मसाल्याचा झणका. दुसऱ्या घासाला हात आपोआप पुढे गेला.

तेवढ्यात आईने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मसूर आणि भाजी गुंडाळून मोठा घास केला आणि सरळ सरांच्या तोंडापाशी आणला. मुलगा म्हणाला, "याला आम्ही गुर्शा म्हणतो. आपल्या माणसाला द्यायचा. नाही म्हणू नये." सरांना कुणी घास भरवून किती वर्षं झाली होती, ते त्यांनाही आठवेना. त्यांनी तोंड उघडलं. घास मोठा होता, डोळ्यांत पाणी आलं. सगळे हसले, सरही हसले.

"आता तुम्ही द्या," नातू म्हणाला.

सरांनी घास केला. तो नीट गुंडाळता आला नाही, थोडं कालवण सांडलं. आईने तो त्यांच्या हातून खाल्ला आणि मान डोलावली.

जेवणानंतर तिने हिरव्या बिया भाजून, कुटून कॉफी केली. पहिला कप झाल्यावर सर उठू लागले, तर तिने खुणेने त्यांना बसवलं. कॉफी तीन वेळा घ्यायची असते आणि तिसरा कप आशीर्वादाचा, तो टाकून जात नाहीत. सर बसले. त्यांनी विचारलं, "हेच शिरो मी हॉटेलात खाल्लं होतं. मसालाही हाच असणार. तिथे ही चव का नव्हती?"

मुलाने आईला प्रश्न सांगितला. ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "तिथे तुम्हाला ताट वेगळं दिलं होतं ना?"

सर काही बोलले नाहीत. रात्री खोलीवर आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

सुट्टीत सर गावी आले. जयंतीला अजून बराच अवकाश होता. एका साध्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीला ते मागच्या आळीत गेले आणि शिपायाच्या दारात उभे राहून म्हणाले, "आज तुझ्याकडे जेवायला आलोय. चालेल ना?"

शिपाई गोंधळला. त्याची बायको पोराला दुकानात पिटाळू लागली, "पळ, सरांना फरसाण आण." सर म्हणाले, "वहिनी, घरात जे केलंय तेच वाढा." घरात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि खर्डा होता. तिने पाट मांडला आणि सरांचं एकट्याचं ताट वाढलं. घरातले सगळे उभे राहिले. सर पाटावर बसले नाहीत. म्हणाले, "सगळे बसत असाल तर मी बसतो."

मग सगळे बसले. भाकरीचा पापुद्रा सुटा होता, अंबाडी आंबट होती. सरांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. शिपायाची म्हातारी आई त्यांच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "सर, आमच्या आळीत जेवाया यायला तुमास्नी लई वर्सं लागली."

सर म्हणाले, "खरं आहे, आजी." त्याहून जास्त ते काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "आता आमालाबी बोलवा." पुढच्या रविवारी शिपायाचं सगळं घर सरांकडे जेवायला आलं. सरांच्या पत्नीने मधल्या खोलीत एकच पंगत मांडली.

परक्या देशात माणसाला कुणाची जात, कुणाची आळी ठाऊक नसते. म्हणून तो तिथे मोकळेपणाने शेजारी बसतो, कुणाच्याही हातचं खातो, आणि तिथलं अस्सल जेवण जेवल्याचं समाधान घेऊन येतो. आपल्या गावात मात्र त्याला सगळ्या भिंती तोंडपाठ असतात. कोल्हापुरात शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घेत, ते या भिंतीच पाडायला. कुठल्याही मुलखाचं अन्न खऱ्या अर्थाने कळायचं, तर तिथल्या माणसांच्या पंगतीला बसावं लागतं आणि त्यांना आपल्या पंगतीला बसवावं लागतं. ज्याला हे हजारो कोसांवर जमलं, त्याने ते मागच्या आळीतही करावं. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही.